सावटाला एक तारा

२३ मार्च १९९८

दादा,

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना उत्तर नाही, म्हणजे ती तू वाचलीस असं मी धरून चालते. पत्र वाचायचं राहिलं असेल तर माणूस उशिरा का होईना उत्तर देतो. वाचून गप्प बसायला राग लागतो.

पुन्हा एकदा क्रमाने सांगते. २८ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात सावट विरुद्ध डोंगर ही मॅच झाली. मी ती घरी बसून पाहिली. सोमवारी मी आपल्या कुस्तीच्या पाक्षिक पत्रिकेसाठी नेहमीसारखं परीक्षण लिहिलं, नेहमीसारखंच 'तिसरी रांग' या नावाने, आणि सावटाला पाचापैकी एक तारा दिला. अंक १० तारखेला निघाला. १२ तारखेला तुझं आईला पत्र आलं, की राखाडी मुखवट्यातला तो सावट म्हणजे तूच, घराबाहेर कोणाला सांगू नका, जूनच्या मोठ्या कार्यक्रमात मुखवटा उतरणार आहे आणि मग खरं काम सुरू होणार आहे. म्हणजे मी लिहिलं तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं. तारखा तुझ्यासमोर आहेत.

तुझं दुसरं कार्डही आईलाच आलं. परीक्षण कोणीतरी तुमच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर चिकटवलं, तुला टीव्हीवरच्या कुस्त्यांतून काढून गावोगावच्या हॉलमध्ये पाठवलं, आणि जूनचं आता कोणी काही बोलत नाही. खाली एक ओळ: 'मोजपट्टीला सांग, छान लिहितेस.' आईने ती मला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाली, "बघ, कौतुक केलंय तुझं." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तीनशे माणसं वाचतात ती पत्रिका. पोस्टातून निवृत्त झालेले संपादककाका झेरॉक्स काढून हाताने टाचण्या मारतात. तीनशे माणसांच्या कागदामुळे एवढी मोठी कंपनी माणूस बदलते हे मला पटत नाही. पटत नाही म्हणून आठवडाभर मला शांत झोप लागली असती तर बरं होतं.

आता पुढचं. तुला आवडणार नाही, तरी लिहिते. ती मॅच वाईटच होती. चौथ्या मिनिटाला सावट डोंगराला खांद्यावर उचलतो, अडखळतो, आणि त्याला धड आपटत नाही, धड सोडत नाही. त्यानंतर दोन मिनिटं दहा सेकंद नुसता गळ्यात गळा घालून बसलेला. मी लिहिलं होतं, 'ही कुस्ती नव्हे, निरोप समारंभ.' हे वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं, हे कबूल. पण तारे मी भाऊ बघून देत नाही, आणि भाऊ आहे हे कळल्यावर वाढवतही नाही. तूच म्हणायचास ना, की हिने एकदा आकडा लिहिला की खोडरबराचा उपयोग नाही.

आईचा मुद्दा वेगळाच आहे. तिचं म्हणणं, "हे सगळं आधीच ठरलेलं असतं ना? मग ह्याला ठरवूनसुद्धा नीट कसं करता येत नाही?"

उत्तर दे.

मोजपट्टी


५ एप्रिल १९९८

दादा,

कालच्या कार्यक्रमाचा हिशेब घड्याळ लावून केला. दोन तासांत कुस्ती एकवीस मिनिटं. बोलणं एकोणसाठ मिनिटं. बाकी जाहिराती. कंपनीचा मालक स्वतः सूट घालून रिंगमध्ये येतो आणि माइक धरून वीस मिनिटं सगळ्यांना नोकरीवरून काढतो. पुढच्या शनिवारी ते सगळे परत कामावर. मी याला कथानक म्हणायचं का? आमच्या व्हिडिओच्या दुकानातसुद्धा यापेक्षा नियमाने माणसं येतात-जातात.

सम्राट विरुद्ध गरुड. विजेतेपदाच्या पट्ट्याची मॅच, अकरा मिनिटं चांगली चालली होती. गरुडाने डाव्या हातावर काम धरलं होतं, सम्राट तो हात खरोखर अंगाशी घेऊन फिरत होता. मला तेवढंच हवं असतं रे. एकदा हात दुखावला की तो शेवटपर्यंत दुखायला हवा. आणि अकराव्या मिनिटाला काय? पहिलवानांची ती टोळी धावत आली, पंच आडवा, खुर्ची, घंटा. सलग सहावा शनिवार. त्या पंचाला शेजारून कोणी जोरात गेलं तरी चक्कर येते. हरायचं असेल तर हरा ना एकदा. सहा आठवड्यांत त्या रिंगमध्ये एकही माणूस सरळ हरलेला नाही.

आणि निवेदक अजून विचारतोय, "सावट आहे तरी कोण?" जुनीच दृश्यं दाखवतात. डिसेंबरपासूनची. सम्राटावर मागून झडप, दिवे जातात, सावट गायब. त्या दृश्यांत तू चांगला आहेस. हे मी पत्रिकेत लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा त्यांत मॅच नव्हती आणि मी फक्त मॅचला तारे देते.

आमच्या मालकीणबाई कॅसेटचं रीळ साफ करता करता म्हणाल्या, "चड्डीतले ते ढोले दोन दोन तास बघतेस, आणि माझ्या दुकानातला एक रडका सिनेमा तुला बघवत नाही?" मी म्हटलं, "बाई, त्या सिनेमात कोण कशासाठी रडतं हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं." त्या म्हणाल्या, "आणि तुझे ढोले कशासाठी मारतात हे तुला कळतं?" सध्या नाही कळत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. २८ तारखेला बाबाही बाजूला बसले होते. तुझं पत्र यायच्या कितीतरी आधीची गोष्ट, तो तू आहेस हे त्यांना माहीत नव्हतं. तू डोंगराला उचललंस तेव्हा ते चष्मा वर करून म्हणाले, "हा मुखवटेवाला समोरच्याला पाडत नाहीये गं. ठेवतोय."

मी म्हटलं, "म्हणूनच तर वाईट आहे, बाबा."

"असेल," म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

जन्मभर ज्यांनी रस्त्यांची मापं घेतली ते बाबा पटकन 'असेल' म्हणत नाहीत. हे मला त्याच वेळी खटकलं होतं. मी त्याचं काही केलं नाही.

मोजपट्टी


१९ एप्रिल १९९८

दादा,

बस खाली आणि नीट वाच.

आपण शाळेत जायच्या आधीचं तुला आठवतं का, ते मला माहीत नाही. मला सगळं आठवतं. दर चार महिन्यांनी बाबांची बदली, म्हणून शाळा नाही. आईकडे वाचन, बाबांकडे गणित, आणि पत्र्याची ट्रंक हेच बाक. बाबा आपल्याला कामावर न्यायचे आणि रस्ता मोजायची साखळी धरायला लावायचे. जाताना मोजायचं, येताना मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत. एकदा मी फक्त जातानाचं मोजून दुसरा आकडा मनाने लिहिला होता. बाबा ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "मग हा रस्ता अर्धाच झाला."

तुझी मॅच मी एकदाच पाहिली होती. जाताना.

शुक्रवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीत ते मोठं मशीन आहे, ज्याची चक्री फिरवून टेप एकेक चित्र पुढे सरकवता येते. आणि मागेही. मी तुझी टेप लावली आणि शेवटून सुरुवात केली.

उलटं पाहताना गोष्ट राहत नाही. कोण जिंकणार, कोण चिडला, काही नाही. नुसती वजनं दिसतात, कुठून कुठे गेली ती. दोन मिनिटांचा तो गळ्यात गळा मागे मागे गेला. तुझा हात त्याच्या मानेखाली आहे, पंजा उघडा. मुखवट्याच्या जाळीआड तुझे ओठ हलताहेत. तू त्याला काहीतरी विचारतोयस. तो डोळ्यांनी नाही म्हणतो. मग ते पडणं. तू आधी खाली जातोस, तो तुझ्या खांद्यावर उतरतो. मग उचलणं. आणि त्याच्याही आधी, तू त्याला हात लावायच्या आधी, डोंगर रिंगच्या दोरावर आदळून परत येतोय आणि त्याचा उजवा गुडघा बाजूला वाकतो. जिकडे गुडघे वाकत नाहीत तिकडे.

मी ते एक चित्र पंधरा मिनिटं थांबवून ठेवलं. मालकीणबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "टेप झिजेल." मग पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अगं आई गं. त्याचा पाय बघ."

एवढा सव्वाशे किलोचा माणूस, पाय गेलेला, ठरलेलं सगळं विसरलेला. आणि तू त्याला दोन मिनिटं सांभाळून, घंटा होईपर्यंत लोकांना काही कळू न देता खाली ठेवलंस. आणि मी लिहिलं निरोप समारंभ.

शनिवारी मी संपादककाकांकडे गेले, दुरुस्ती छापा म्हणून. त्यांच्या दाराशी अंकांचे गठ्ठे, त्यांवर पोस्टातल्या सवयीने बांधलेली सुतळी. त्यांनी माझा कागद वाचला.

"सात आठवड्यांनी एकदम काय झालं?"

"पुन्हा पाहिली."

"तू कधी कुठली मॅच पुन्हा पाहून तारे बदललेस? सात वर्षांत?"

"नाही."

"मग हीच का?" त्यांनी चष्मा काढला. "हे बघ, पोरी. तुझा कोणी ओळखीचा आहे का त्या मुखवट्यात? असेल तर छापतो, पण खाली नातं लिहायचं. वाचकाला कळायला नको?"

त्यांचं चुकलं कुठे? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण नातं लिहिलं की सावट कोण ते तीनशे घरांत कळणार, आणि आठवड्यात तुझ्या कंपनीत. मग जून संपला. न लिहावं, तर तुझ्यावर मी लिहिलेलं खोटं तसंच भिंतीवर राहणार.

कागद घेऊन मी परत आले. दादा, तू सांग. 'लिही' म्हण, नाहीतर 'नको' म्हण. एका शब्दाचं कार्ड टाक. तुझ्या मनातलं ओळखून वागायचं मी सोडून दिलंय, माझा अंदाज किती बरोबर येतो ते दिसलंच आहे.

मोजपट्टी


४ मे १९९८

दादा,

तुझं कार्ड आलं नाही. म्हणून मी मला सुचलं ते केलं. २५ एप्रिलच्या अंकात माझ्या नावाने तीन ओळी आहेत: '२८ फेब्रुवारीच्या सावट-डोंगर मॅचचं माझं परीक्षण मी मागे घेत आहे. ते चुकीचं होतं. कारण देता येत नाही.' काका म्हणाले, "कारणाशिवाय छापलं तर लोक तुला सोलतील." मी म्हटलं, "छापा."

सोललं. नऊ पत्रं आली, काकांनी सगळी मला दिली. 'तिसरी रांग आता फुकटच्या पासवर पहिल्या रांगेत बसते का?' एकाने लिहिलंय की सात वर्षं माझेच तारे पाहून तो कॅसेट घ्यायचा, आता त्या सगळ्याच तपासून पाहाव्या लागतील. हे जास्त लागलं, कारण तो नेहमी सभ्य लिहितो. काकांनी पुढच्या अंकात माझं पान दुसऱ्याला दिलंय. "थोडे दिवस," म्हणाले. त्या दुसऱ्याला टोळीचं पळत येणं 'थरारक' वाटतं. साडेचार तारे.

इथे पत्र संपवणार होते. कागद पाकिटात घातलाही होता, पुन्हा काढला.

मला माहीत होतं.

तू दुसऱ्याच मिनिटाला दोर धरलास आणि खाली वाकताना आधी डावी टाच वळवलीस. ट्रंकेवरून उडी मारताना वळवायचास तशी. बाबांनी दहा वेळा सांगितलं होतं की सरळ उतर, पाय मुरगळेल. मुखवटा घातलास तरी टाच उघडीच. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "पाय आखडला."

दोन वर्षं तुझा पत्ता नाही, धंदा नाही, काही नाही. व्यायामशाळेत शिकवतोस एवढंच आम्हाला माहीत. आणि असा टीव्हीत. सगळ्यांत आधी मला राग आला, की हा मला सांगून गेला नाही. मग भीती वाटली, की आता मी ह्याला चांगलं म्हटलं तर ते भाऊ म्हणून असेल. सोमवारी लिहायला बसले तेव्हा मी प्रत्येक चांगली गोष्ट बाजूला काढत गेले. ती मला दिसली म्हणूनच ती संशयास्पद. शेवटी एक तारा उरला. मला वाटलं, हाच प्रामाणिकपणा. पुन्हा पाहिली नाही, कारण दुसऱ्यांदा तुला पडताना पाहायची हिंमत नव्हती.

आणि तुझं आईला पत्र आल्यावर मला सुटका मिळाली. तारखा माझ्या बाजूने होत्या. म्हणून पहिल्या तिन्ही पत्रांत त्याच मांडल्या. एकही तारीख खोटी नाही. मात्र 'मला माहीत नव्हतं' हे खोटं आहे, तिन्ही वेळा.

उत्तर देऊ नकोस वाटलं तर. पण हे वाचलंस एवढं तरी कुठून कळलं असतं तर बरं.

मोजपट्टी


२४ मे १९९८

दादा,

फोनवर मला नेहमीसारखंच काही सुचलं नाही आणि मालकीणबाई समोर उभ्या होत्या, म्हणून लिहिते. त्यांनी तुझा फोन घेतला तेव्हा रिसीव्हरवर हात ठेवून मला काय सांगितलं ते तुला ऐकू गेलं का? "तुझा कोणीतरी आहे. नाव सांगत नाही, नुसता श्वास घेतोय. ठेवू?"

तुला ते कसं काय इतक्या शांतपणे बोलता आलं? मी इकडे काउंटरची कड धरून उभी, आणि तू म्हणतोस, "परीक्षण वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं, तू ओळखलंस ते."

"कसं?"

"परक्या माणसाला तू दोनच्या खाली कधी देत नाहीस. सात वर्षं वाचतोय तुला. त्या दाढीवाल्यालासुद्धा दोन दिलेस, ज्याला पायऱ्या चढून रिंगमध्ये जाता येत नाही. एक तारा तू घरच्या माणसालाच देणार."

मग मी विचारलं, "एवढं कळलं होतं तर गप्प का बसलास?"

"ताऱ्याचं मला दोन दिवस वाईट वाटलं. नंतर तुझ्या त्या तारखा आल्या. २८, १०, १२. मी काय कोर्ट आहे? म्हटलं, ही मला खोटं सांगणार असेल तर सांगू दे, संपलं की बोलू."

माझं खोटं संपेपर्यंत दोन महिने गेले. त्याबद्दल मी माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. मागितली नसेल तर ही घे.

पण दादा, त्या कंपनीचं काय करायचं? तुला बातमी मिळाली नव्हती म्हणून फोनवर तू हसलास, पण मला हसू येत नाही. १६ तारखेला सम्राट स्वतःच टोळीत गेला. का, ते कोणी सांगितलं नाही. जूनला त्याची मालकाशी मॅच. मालकाशी! आणि सावट? निवेदक आता विचारतही नाही. डिसेंबरपासून घसा फोडून विचारत होता कोण आहे, कोण आहे, आणि आता जणू तो प्रश्न कधी नव्हताच. डोंगराचा गुडघाही त्यांनी एका वाक्यात उरकला, मालकाने त्याला निलंबित केलंय म्हणून. माणूस बिछान्यात आहे, त्याचं दुखणं तरी दाखवा! ज्या गुपितासाठी मी माझं पान घालवलं ते गुपित कोणाला नकोच होतं. मी कधी नव्हे ती कुठल्यातरी कथानकावर विश्वास ठेवून वागले, आणि त्यांनी कथानकच गुंडाळून ठेवलं.

तू म्हणालास, "आता लिही खुशाल. मुखवटा कोणाच्या कपाटात आहे तेही मला माहीत नाही." सध्या तुझी रोज पहिली मॅच असते, लोक जागा शोधत असतात तेव्हा. उघड्या चेहऱ्याने. "निदान घाम पुसता येतो," म्हणालास. हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणालास की खरंच, ते फोनवर कळत नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं, टेपसकट. त्यांनी दुकानात येऊन मशीनवर दोन्ही बाजूंनी पाहिली. जाताना एवढंच म्हणाले, "त्याला म्हणावं टाच सरळ ठेव."

काकांकडे आज कागद दिला. खाली नातं लिहिलंय, 'सख्खी धाकटी बहीण'. त्यांनी वाचून कागद चार घड्यांत घातला, म्हणाले, "आता कोणी सोललं तर मला सांग." अंक १० जूनला निघेल.

एक राहिलंच. तू विचारलंस, नातं सांगून आता किती देशील. मी साडेतीन म्हटलं आणि तू 'पक्षपाती' म्हणून फोन ठेवलास. तो आरोप मी काल रात्रभर नाही, पण जेवताना विचारात घेतला. टेप आज पुन्हा दोन्ही बाजूंनी पाहिली. तुझं बरोबर आहे. त्या साडेतीनातला अर्धा डोंगराचा आहे. गुडघा गेल्यावर त्याने एकदाही तोंडावर दुखणं दिसू दिलं नाही, आणि तुझ्या मानेवर पूर्ण भार टाकला नाही. तो मी त्याला दिलाय.

तुला तीन. कागदावर तेच आहे, आता बदलणार नाही. राग आला तर फोन कर, दुकान दहाला उघडतं.

मोजपट्टी